खाजेला कुलूप

सुई टोचल्यानंतर एकोणिसाव्या दिवशी मालन गुरवला आयुष्यातली शेवटची खाज सुटली. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला. ती भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानंच तिनं घोटा खाजवला, परात पुढं ओढली आणि कामाला लागली. ती खाज शेवटची होती, हे तिच्या ध्यानात आलं दुसऱ्या दिवशी दुपारी. सकाळपासून आपण कुठंच खाजवलं नाही, असं वाटून ती दचकली. मग अंगणात जाऊन बसली आणि थोडा वेळ रडली.

अकरा वर्षं ती खाजेनं पछाडलेली होती. आधी नडग्यांवर इसब उठलं. खाजवून खाजवून त्याच्या गाठी झाल्या, वाटाण्याएवढ्या, टणक, काळपट. मग त्या मांड्यांवर, पाठीवर, दंडांवर पसरल्या. कडुलिंबाचा पाला झाला, गोमूत्र झालं, गंधकाचं मलम झालं, पुण्याच्या डॉक्टरांची महागडी औषधं झाली. ॲलर्जीच्या गोळ्यांनी नुसती गुंगी यायची, आणि त्या गुंगीतही हात चालूच असायचे. नवरा ट्रकच्या अपघातात गेला तेव्हा मुलगी, प्रतीक्षा, बारा वर्षांची होती. रात्री झोपण्याआधी ती आईच्या दोन्ही हातांत पायमोजे घालून मनगटाला नाडीनं बांधायची. सकाळी मोजे फाटलेले असायचे.

तशातही मालननं आपलं काम सोडलं नाही. मिरजेत बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायची तर मालनमावशीनंच, असं पंचवीस वर्षं चाललं होतं. तान्ह्या बाळांना आंघोळ घालणारी यंत्रं बाजारात आली होती. पाण्याची ऊब, बाळाचं वजन, सगळं सांभाळायची. लोक ती विकत घ्यायचे, आठवडाभर वापरायचे आणि परत मालनला फोन करायचे. पायांवर बाळ उताणं घेऊन ती कोमट तेलाचा हात फिरवायला लागली की रडून लालबुंद झालेलं पोरही डोळे मिटायचं. गाठी दिसू नयेत म्हणून ती उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायची. सुदैवानं तळहात तेवढे सुटले होते.

त्वचारोगाच्या डॉक्टर निलोफर मुजावर यांनी तिला पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. खाज म्हणजे बारीकसं दुखणं, असं डॉक्टरांनाही कितीतरी वर्षं वाटायचं. पण तसं नाही. खाजेच्या तारा वेगळ्या असतात. कातडीला काही टोचलं, चावलं किंवा कातडी आतून बिघडली की तिथल्या पेशी रसायनं सोडतात. त्यांतलं एक आपल्या ओळखीचं, अंगावर गांधी उठवणारं. ॲलर्जीच्या गोळ्या चालतात त्या त्याच्यावरच. पण मालनसारख्यांच्या अंगात दुसरीच रसायनं असतात. ती अगदी बारीक नसांना चेतवतात. नसा ती वर्दी पाठीच्या कण्यापर्यंत नेतात. तिथं मूठभर पेशींचं एक ठाणं आहे. त्या ठाण्यावरून वर्दी मेंदूकडं गेली, तरच माणसाला खाज सुटते. नखांनी ओरबाडलं की दुखतं, आणि ते दुखणं त्या ठाण्याला घटकाभर गप्प करतं. म्हणून खाजवलं की बरं वाटतं. पण ओरबाडल्यानं कातडी आणखी बिघडते, आणखी रसायनं सुटतात, आणि चक्र पुन्हा सुरू होतं.

"तुमची कातडी कधीच दमली मालनताई," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "पण ठाणं काही दमत नाही."

नवा उपचार त्या ठाण्यावरच होता. निरुपद्रवी केलेल्या एका विषाणूच्या पोटात एक जनुक घालून तो कण्याभोवतीच्या पाण्यात सोडायचा. तो नेमका त्या पेशींत शिरतो आणि त्यांचं तोंड बंद करतो. दुखणं कळतं, चटका कळतो, गुदगुल्यासुद्धा होतात. फक्त खाज नाही. मालननं त्याचं नाव ठेवलं कुलूप. कुलपाची एक अट होती. दुसऱ्या एका सुईनं ते उघडता येत होतं, पण एकदा उघडलं की पुन्हा घालता येत नव्हतं. कारण शरीर त्या विषाणूला ओळखून बसलेलं असतं. दुसऱ्यांदा तो दारातच मारला जातो. सोबत बावीस सूचनांचा कागद होता. त्यातली सतरावी होती : रोज स्वतःची त्वचा तपासावी. प्रतीक्षानं कागद वाचून दाखवला, दोघींनी सह्या केल्या.

पुढचं दीड वर्ष मालनच्या आयुष्यातलं सर्वांत सुखाचं गेलं. गाठी विरल्या. तिनं अर्ध्या बाह्यांची चार पोलकी शिवून घेतली. प्रतीक्षा दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती; तिचं इचलकरंजीत लग्न झालं, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, आणि मुलगी झाली. जगाच्या शेकडो पोरांना न्हाऊ घालणाऱ्या बाईनं स्वतःच्या नातीला पायांवर घेतलं तेव्हा तेलाची ऊब तिनं तीनदा तपासली.

नात दीड महिन्याची झाली तेव्हाची गोष्ट. सबनीसांच्या घरातल्या बाळाच्या तळपायांवर बारीक पुटकुळ्या उठल्या. बाळ तेवीस दिवसांचं होतं. त्यांच्या डॉक्टरांनी घामोळं म्हणून पावडर दिली. आठवड्यात बाळाची आई वैदेही अंग खाजवायला लागली, मग आजी. दुसऱ्या एका घरातूनही तीच तक्रार आली. मग तिसऱ्या. तेलाचा दोष असेल म्हणून मालननं घाण्यावरचा डबा बदलला. तरी थांबेना. तेव्हा तिनं तेलच बंद करून नुसतं दूध-हळद सुरू केली. एका सुनेनं तिला फोनवर सांगितलं की मावशी, थोडे दिवस राहू द्या, आम्ही यंत्र वापरतो. मालनला वाईट वाटलं, पण तिला काहीच उमगत नव्हतं. ती स्वतः ठणठणीत होती. बोटांच्या बेचक्यांत आणि कोपरांवर कातडी जरा राखाडी, जाडसर झाली होती. पण पंचवीस वर्षं तेलापाण्यात असलेले हात, ते राठ व्हायचेच.

ज्या दिवशी सबनीसांचं बाळ तापानं फणफणून अतिदक्षता विभागात गेलं, त्याच दिवशी प्रतीक्षानं आपलं मनगट आईपुढं धरलं. तिथं लाल रेघ होती, केसाएवढी, नागमोडी. नातीच्या तळव्यांवरही दोन पुटकुळ्या होत्या.

तिघी डॉ. मुजावरांकडं गेल्या. डॉक्टरांनी प्रतीक्षाची बोटं फाकवून पाहिली आणि लगेच सांगितलं, ही खरूज आहे. किडी कातडीत बीळ करून अंडी घालतात. घाबरण्यासारखं नाही, मलम आणि गोळ्यांनी जाते. पण आली कुठून, असं विचारता विचारता त्यांची नजर मालनच्या हातांवर गेली. त्यांनी हातमोजे चढवले, मालनचा उजवा हात आपल्या हातात घेतला, बेचक्यातला राखाडी पापुद्रा पात्यानं खरवडून काचेवर घेतला आणि काच यंत्राखाली ठेवली.

भिंतीवरच्या पडद्यावर चित्र उमटलं. गोल, पांढुरके, आखूड पायांचे जीव, एकावर एक, वळवळणारे. प्रतीक्षानं बाळाला छातीशी घट्ट धरलं आणि ती दाराकडं सरकली. तिच्याही नकळत सरकली असेल, पण मालननं पाहिलं.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. धडधाकट माणसाच्या अंगावर खरजेच्या दहा-पंधराच किडी असतात, त्या म्हणाल्या. कारण त्याला खाज सुटते, तो खाजवतो, आणि नखं त्यांना उकरून काढतात. ज्याला खाज कळतच नाही, त्याच्या अंगावर त्या हजारांनी वाढतात. कुष्ठरोग्यांत, अर्धांग झालेल्या माणसांत अशी जाड खपल्यांची खरूज फार जुन्या काळापासून ठाऊक आहे.

"पुस्तकात आहे हे," त्या म्हणाल्या. "मी वाचलेलं आहे. परीक्षेत लिहिलेलं आहे. तुम्हाला कुलूप घालताना माझ्या डोक्यात आलं नाही."

मालन पडद्याकडंच बघत होती. "मला काय बी कळलं न्हाई ओ," ती म्हणाली. "एवढी बिऱ्हाडं अंगावर नांदत होती, आन् मला पत्ता न्हाई."

मग तिनं विचारलं, किती घरं झाली असतील. तिघींनी मिळून बोटांवर मोजलं. तीन महिन्यांत चौदा बाळं, पंधरावी स्वतःची नात.

आरोग्यसेविका घरोघर जाऊन औषध देतील, तुमचं नाव कुणालाही कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. नियमही तसाच होता. मालन म्हणाली की त्यांना नाव कळायलाच पाहिजे. नाहीतर ते पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, मोलकरणीला बोल लावत बसतील. डॉक्टरांनी समजावून पाहिलं. या गावात तुम्हाला काम करायचं आहे ना, असंही म्हणाल्या. मालननं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणाला कळलं नाही.

आठ दिवस तिला घरातच वेगळं ठेवलं. गोळ्या, मलम, उकळत्या पाण्यात कपडे. प्रतीक्षा स्वतःचं आणि बाळाचं औषध पुरं होताच सासरी निघून गेली. तीन महिने राहायची म्हणून आली होती. भांडली नाही, बोलली नाही. रिक्षात बसताना एवढंच म्हणाली की गोळ्या वेळेवर घे.

नवव्या दिवशी अंगावर किडी उरल्या नाहीत असा दाखला मिळाला, आणि मालन आरोग्यसेविकेबरोबर घराबाहेर पडली. चौदा घरं तिनं चार दिवसांत केली. ती फाटकाच्या आत पाऊल टाकत नव्हती. बाहेरूनच सांगायची की तुमच्या घरात खरूज आली ती माझ्या हातानं आली, मला ठाऊक नव्हतं, आता औषध सगळ्यांनी एकाच दिवशी घ्या, पांघरुणं उन्हात घाला. एका घरातल्या म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं. एका बाळंतिणीनं तिला चहा विचारला आणि मग कप कुठला द्यावा म्हणून घुटमळली. मालननं चहा नको म्हटलं. एका ठिकाणी कुणीतरी फोनवर तिचं बोलणं टिपून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं.

सबनीसांकडं ती शेवटी गेली. बाळ अजून रुग्णालयात होतं. फोडांतून जंतू रक्तात गेले होते. वैदेही बाळाजवळ होती, घरी तिची सासू होती. मालननं सगळं सांगितलं, कुलपासकट. सबनीसबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. अठरा वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या मुलीलाही मालननंच न्हाऊ घातलं होतं.

"म्हणजे तुमची खाज गेली," त्या म्हणाल्या, "आणि ती आमच्या पोराला आली."

 मालन हात जोडून उभी राहिली. सबनीसबाईंनी फाटकाची कडी लावली, आत गेल्या.

बाळ सतराव्या दिवशी घरी आलं. डाव्या पायावर व्रण राहतील, बाकी बरं होईल, असं डॉ. मुजावरांकडून मालनला समजलं. तो निरोप आला त्या दिवशी ती जेवली. पण तिला आता कुठल्याच घरून बोलावणं येत नव्हतं. दर आठवड्याला तपासणी करून घेईन, दाखला दाखवीन, असं तिनं तीन-चार ओळखीच्या बायकांना कळवलं. त्यांनी बरं म्हटलं आणि फोन केला नाही. इचलकरंजीहून बाळाचे फोटो यायचे. 'या' असं बोलावणं नव्हतं, 'येऊ नका' असंही नव्हतं.

दोन महिन्यांनी मालन डॉ. मुजावरांच्या खोलीत गेली आणि कुलूप काढून टाका म्हणाली.

डॉक्टरांनी फाइल बाजूला सारली. कुलूप घालण्याआधीचे फोटो त्यांनी स्वतः काढले होते, त्यांना ते दाखवायची गरज नव्हती. त्यांनी सांगितलं की तुमचा मूळ आजार बरा झालेला नाही, तो नुसता ऐकू येत नाही. कुलूप निघालं की महिन्याभरात गाठी परत उठतील. पुन्हा घालता येणार नाही. खरजेसाठी आठवड्याला एक तपासणी पुरेशी आहे.

"आठवड्याला तपासणी तुम्ही कराल," मालन म्हणाली. "पण पोटच्या पोरीला भरवसा नको? माझं अंगच मला कळंना झालंय, तर ती तिचं बाळ माझ्या मांडीवर कशी दील?"

डॉक्टरांनी मग दुसरी एक हकीकत सांगितली. मालनच्या बातमीनंतर राज्यातल्या सगळ्या कुलूपवाल्यांची तपासणी झाली होती, नऊशेच्या वर माणसं. आणखी सहा जणांत तीच खरूज निघाली. एका बाईचं पित्त तुंबलं होतं. त्याची पहिली खूण अंगभर खाज, ती तिला मिळालीच नाही, आणि डोळे पिवळे होईपर्यंत उशीर झाला. साताऱ्याकडचे एक निवृत्त पोस्टमास्तर होते. एकटेच राहायचे. त्यांची पाठ बघायला घरात कुणी नव्हतं. त्यांनी गेल्याच आठवड्यात कुलूप काढून घेतलं. आता नवा नियम झाला होता : कुलूप ठेवायचं, तर अंग बघणाऱ्या एका माणसाचं नाव आणि सही द्यायची. काढायचं, तरी घरच्या माणसाला समक्ष कल्पना देऊन त्याची सही घ्यायची.

"म्हणजे दोन्हीकडं प्रतीक्षा लागणारच," डॉक्टर म्हणाल्या. "तिला बोलवा."

ती आली. बाळाला सासूपाशी ठेवून, एकटीच. रुग्णालयाच्या मागं कडुलिंबाखाली सिमेंटचा बाक होता, तिथं दोघी बसल्या. मालननं ठरवलं होतं तसं सगळं सांगितलं. कुलूप काढायच्या कागदावर सही कर म्हणाली. प्रतीक्षानं कागद घेतला, घडी घातली आणि हातात धरून ठेवला.

"मी तुझ्यापासून बाळाला लांब ठेवलं, म्हणून काढतेस ना?"

मालननं मांडीवरचा पदर सारखा केला.

"ठेवलं मी. पडद्यावर ते बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. अजून येतो. खोटं कशाला बोलू." तिनं कागदाची आणखी एक घडी घातली. "पण आई, तुला तो आवाज ठाऊक नाही. तू खाजवत असायचीस, तुला कुठला ऐकू येणार. मी अकरा वर्षं ऐकला. पाचवीपासून. दहावीचा अभ्यास त्या आवाजात केला. मला वाटायचं, तुझ्या नखांखाली मीच आहे. मला ताप आला, मुलांनी चिडवलं, बाबांची आठवण आली, कधी तुला सांगितलं नाही. तुझ्या खाजेपुढं माझं काही सांगण्यासारखं नसायचंच."

मालननं तिच्याकडं पाहिलं. हे तिनं कधीच ऐकलं नव्हतं. खाज आपली एकटीची आहे, आपण एकटीनं सोसतोय, असंच ती समजत आली होती.

"सांगायचं होतंस गं," ती हळूच म्हणाली.

"आता सांगतेय. तू कुलूप काढलंस तर मी तुझ्याकडं येईन, बाळालाही आणीन. पण दोन दिवसांच्या वर राहणार नाही. मला नाही जमायचं."

रुग्णालयात कुणाचा तरी क्रमांक पुकारला जात होता.  मालनच्या मनात सबनीसबाईंचं वाक्य फिरत होतं. तिला वाटलं होतं, खाज परत अंगावर घेतली की ते देणं कुठंतरी फिटेल. पण घेतली, तर ती पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी कानांवर जाऊन बसणार होती.

"मग बघणार कोण माझं अंग?" तिनं विचारलं. ती बाई आयुष्यात कुणापुढं उघडी बसली नव्हती. गाठी तिनं नवऱ्यापासूनही लपवल्या होत्या.

 प्रतीक्षा उठली, आत गेली आणि पहिल्या कागदाऐवजी दुसरा घेऊन आली. त्यावर अंग बघणाऱ्या माणसाच्या रकान्यात तिचं नाव लिहून झालं होतं.

बाळांना न्हाऊ घालायचं काम मालनकडं परत आलं नाही. चार-पाच महिन्यांनी दोन तरुण मुली शिकायला यायला लागल्या. ती खुर्चीवर बसून सांगायची, कुठं दाबायचं, कुठं नुसता हात फिरवायचा. सांगताना तिचे हात हवेत फिरायचे, मग ती ते मांडीखाली घालायची.

दर रविवारी सकाळी मात्र ती इचलकरंजीची बस पकडते. पोचल्यावर आधी पाणी नाही, चहा नाही. खिडकीजवळच्या उजेडात पाटावर बसते, पदर बाजूला करून पोलकं काढून ठेवते. प्रतीक्षा प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन मागं बसते. मान, पाठ, कंबर, मग काखा, कोपरं, शेवटी एकेक बोट फाकवून बेचकी. सुरुवातीला दोघींनाही लाज वाटायची. आता प्रतीक्षा बघता बघता बोलत असते. आठवड्याचं साठलेलं सगळं, नवऱ्याचं, नोकरीचं, सासूचं, कधी जुनंसुद्धा. मालन ऐकते.

अशाच एका रविवारी नात रांगत रांगत पाटापर्यंत आली आणि आजीच्या गुडघ्याला धरून उभी राहू लागली. मालनचे हात आपोआप पुढं झाले. तेवढ्यात प्रतीक्षाचं बोलणं थांबलं. ती डाव्या कोपरावर वाकली होती. भिंग थोडं मागं, थोडं पुढं केलं. मालनला तिथं काहीच जाणवत नव्हतं. ना टोच, ना चुरचुर. अंगावर काय चाललंय ते कळायला तिच्याकडं आता एकच जागा होती, लेकीचा चेहरा. मान वळवून ती त्याच्याकडं बघत राहिली.

"काय हाय गं?"

"थांब. हलू नकोस."

नातीनं गुडघ्यावर थापट्या मारायला सुरुवात केली. मालननं दोन्ही हात तसेच हवेत धरून ठेवले.

"डास चावलाय," प्रतीक्षा अखेर म्हणाली. मग भिंग पुसून तिनं आईचा दुसरा हात ओढून घेतला. "उजवा राहिलाय अजून. तो झाला की घे तिला."